गिअर अडला वरसाव्याला!

क्लच दाबला, पण गिअर काही पडेना. मागे ट्रकचे हॉर्न, पुढे रिकामा होत चाललेला रस्ता आणि डोक्यात एकच प्रश्न: चूक कोणाची? गाडीची, माझी की बाबांची?

शुक्रवार, संध्याकाळचे साडेसात, ठाण्याहून घोडबंदर रोडने मीरा रोड. या रस्त्यावरून रोज ये-जा करणाऱ्यांना एवढी एक ओळ पुरे. बाकीच्यांसाठी सांगते. गायमुखचा घाट, चेणे, काजूपाडा असं करत करत आपण मुंगीच्या पावलांनी सरकत असतो आणि शेवटी एकदाचं वरसाव्याला, फाउंटन हॉटेलच्या नाक्यावर येऊन पोचतो. इथे ठाण्याकडून येणारा रस्ता मुंबई-अहमदाबाद हायवेला मिळतो. डावीकडे काशीमिरा आणि दहिसर, उजवीकडे खाडीवरचा पूल आणि पलीकडे वसई. (‘वर्सोवा ब्रिज’ ऐकून अंधेरीचा समुद्रकिनारा शोधणारे पाहुणे आमच्याकडे दर सुट्टीत एक तरी निघतात. तो वर्सोवा वेगळा, हे वरसावे वेगळं!)

२०१६मध्ये इथल्या जुन्या पुलाला तडे सापडले आणि जड वाहनांना बंदी झाली, तेव्हाचे दिवस आठवले तरी इथल्या लोकांना घाम फुटतो. २०२३मध्ये शेजारी नवा चौपदरी पूल सुरू झाला. पण नाका तो नाकाच. कंटेनर, टँकर, एसटी, रिक्षा, लग्नाच्या वरातीची सजवलेली गाडी, सगळे एकाच वेळी एकाच फटीत नाक खुपसतात.

तर नेमकं तिथेच, पुढची गाडी हलली, मी क्लच दाबला, गिअर पहिल्यात ढकलला आणि... काहीच नाही. दांडा जाऊन एखाद्या भिंतीला टेकावा तसा थांबला. परत न्यूट्रल, परत क्लच, परत पहिला. खर्रर्र! मागच्या ट्रेलरवाल्याने हॉर्नवर जो हात ठेवला, तो काढलाच नाही.

‘माझी गाडी’ असं मी म्हणतेय खरी, पण ती माझी नव्हतीच. ती बाबांची होती. आणि ती माझ्याकडे कशी आली, तीच खरी गोष्ट आहे.

किल्ली टेबलावर ठेवली, त्या दिवशी

माझे बाबा वसईला राहतात. वय ६९, नोकरीतून रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. गाडी चालवायला शिकले ते प्रीमियर पद्मिनीवर. तिचा गिअरचा दांडा खाली मजल्यावर नाही, तर स्टिअरिंगच्या खांबाला असायचा, डाव्या हाताशी. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीला ३० ऑक्टोबर २०२३ या तारखेपासून रस्त्यावर धावायची मुभा उरली नाही, तेव्हा बाबांनी त्या दिवसाचा पेपर जपून ठेवला होता. ‘तो गिअर टाकायला हात लागायचा, जोर नाही,’ हे त्यांचं आवडतं वाक्य.

अशा माणसाला यंदा जानेवारीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये रिव्हर्स टाकता येईना. दांडा लावला की करकर आवाज. दोनदा, तीनदा. वॉचमन धावत आला, शेजारचे काका खिडकीतून ओरडले, ‘क्लच पूर्ण दाबा हो, पूर्ण!’ बाबा दाबतच होते. पण चारचौघांनी सांगितलं की माणसाला स्वतःवरच शंका येते. गेल्या वर्षी त्यांचा डावा गुडघा दुखत होता, तेही सगळ्यांना ठाऊक. मग कोणी मोठ्याने म्हटलं नाही, पण सगळ्यांनी मनात धरलं: पायात आता जोर राहिला नाही.

आणि खरं सांगू? मीही तेच धरलं. ‘बाबा, आता कशाला चालवता? रिक्षा आहे, ओला-उबर आहे,’ हे मीच म्हटलं. मुलगी म्हणून काळजीने म्हटलं, पण म्हटलं. फेब्रुवारीत एका रविवारी जेवण झाल्यावर त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. ‘तूच वापर. पडून राहिली तर बॅटरी उतरेल.’ एवढंच. मग ते हात धुवायला उठले आणि जरा जास्तच वेळ हात धूत राहिले.

तीन आठवडे मी ती गाडी चालवली. रिव्हर्स कटकट करायचा, पहिला गिअर कधीकधी अडायचा. पण माझी सवय ऑफिसच्या कॅबमध्ये मागे बसून मोबाइल बघायची. मला वाटलं, माझाच हात बसला नाहीये. म्हणजे बघा, बाबांना वाटत होतं चूक त्यांची आणि मला वाटत होतं चूक माझी. गाडी मात्र मजेत!

‘ताई, आधी गाडी बंद करा’

परत नाक्यावर येऊ. माझ्या खिडकीवर टकटक झाली. शेजारच्या टेम्पोचे ड्रायव्हरकाका खाली उतरून आले होते. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण ते शांतपणे म्हणाले, ‘ताई, आधी गाडी बंद करा.’

केली.

‘आता क्लच दाबून गिअर टाका. पहिला, दुसरा, तिसरा, सगळे.’

टाकले. लोण्यातून सुरी फिरावी तसे सगळे पडले. रिव्हर्ससुद्धा!

‘झालं तर मग. गिअरबॉक्स ठणठणीत आहे. क्लच सुटत नाहीये तुमचा.’

दहा सेकंदांत निदान! पुढे ते म्हणाले, ‘क्लच तीन-चारदा पटापट पंप करा आणि लगेच गिअर टाकून बघा.’ इंजिन चालू केलं, पंप केला, गिअर पडला. कसाबसा, पण पडला. ‘नाहीच पडला असता, तर बंद गाडी पहिल्यात टाकून क्लच दाबून चावी मारायची. पुढे माणूस, गाडी नाही ना एवढं बघायचं, कारण गाडी गचका देऊन पळते. बाजूला घेण्यापुरतंच हां, घरी जायला नाही!’ मी आभार मानेपर्यंत ते आपल्या टेम्पोत चढलेसुद्धा होते. मी पहिल्यातच रखडत डावीकडे वळले आणि काशीमिऱ्याच्या अलीकडे गाडी कडेला लावली. ती रात्र तिने तिथेच काढली, मी रिक्षाने घरी.

पेडलपासून प्लेटपर्यंत

दुसऱ्या दिवशी पहिल्या गॅरेजवाल्याने गाडी पाच मिनिटं चालवली आणि जाहीर केलं, ‘मॅडम, गिअरबॉक्स खोलावा लागेल. अडतीस हजार धरून चाला.’ आदल्या रात्रीचा धडा नसता तर मी मुकाट्याने मान डोलावली असती. पण मी विचारलं, ‘इंजिन बंद असताना तर सगळे गिअर पडतात. मग गिअरबॉक्स कशासाठी?’ त्यावर ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘तसं नसतं, मॅडम.’ कसं असतं, ते मात्र सांगितलं नाही. मी गाडी उचलली.

दुसरे मिस्त्री हायवेलगतच्या एका छोट्या शेडमध्ये काम करतात. त्यांनी आधी मला एका पुठ्ठ्यावर पेनाने चित्र काढून दाखवलं. ते चित्र मी तुम्हाला शब्दांत सांगते, कारण गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला एवढं माहीत असायलाच हवं.

इंजिन सतत फिरत असतं. चाकं कधी फिरतात, कधी थांबतात. दोघांच्या मध्ये एक तबकडी असते, क्लच प्लेट. एरवी ती इंजिनच्या फ्लायव्हीलला घट्ट चिकटून फिरते. आपण पेडल दाबलं की ती सुटते आणि गिअरबॉक्सकडे जाणारी ताकद थांबते. तेवढ्या वेळात गिअर बदलायचा. आता प्लेट पूर्ण सुटलीच नाही, थोडी घासत राहिली, तर गिअरबॉक्सचा आतला दांडा फिरतच राहतो. फिरत्या दात्यांत दुसरे दाते कसे बसणार? म्हणून अडतं, म्हणून करकरतं. इंजिन बंद केलं की फिरणारं काही उरतच नाही, म्हणून गिअर गपचूप पडतात.

पुढच्या गिअरमध्ये दोन्हीकडचा वेग जुळवून देणारी एक सोय असते, सिंक्रोमेश. १९२८मध्ये अमेरिकेत कॅडिलॅकने ती पहिल्यांदा आणली. त्याआधी ड्रायव्हरला दोनदा क्लच दाबून वेग अंदाजाने जुळवावा लागायचा. पण बऱ्याच गाड्यांत ही सोय रिव्हर्सला नसते. म्हणून क्लच नीट सुटत नसला, की सगळ्यात आधी बोंब मारतो तो रिव्हर्स!

हे ऐकलं आणि माझ्या डोळ्यांसमोर वसईचं पार्किंग आलं. करकर. ‘पूर्ण दाबा हो, पूर्ण!’

गुन्हेगार नंबर एक आणि दोन

मिस्त्रींनी दार उघडलं, पेडलकडे बघितलं आणि हसले. ‘ही मॅट कोणी घातली?’

जाडजूड, गुबगुबीत, शेवयांच्या ढिगासारखी दिसणारी मॅट. दिवाळीला बाबांना भेट दिलेली. कोणी? मीच! ती सरकून क्लचच्या पेडलखाली गोळा झाली होती. पेडल तळापर्यंत जातच नव्हतं, शेवटचा इंचभर प्रवास मॅट खात होती. बाबा पाय पूर्ण दाबत होते, पण माझ्या प्रेमावर!

पण एवढंच नव्हतं. मॅट काढल्यावर सुधारणा झाली, तरी पेडल स्पंजासारखं मऊ लागत होतं. या गाडीत क्लचला केबल नाही, तेलाचा दाब आहे. पेडलमागे मास्टर सिलिंडर, तिथून पाइप, खाली गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडर. वरून तेल ढकललं की खालचा दांडा पुढे सरकतो आणि प्लेट सुटते. तेल दाबलं जात नाही, हवा मात्र दाबली जाते. म्हणून पाइपात हवा शिरली की पेडल खाली जातं, पण खालचा दांडा अर्धाच सरकतो. पंप केलं की तेवढ्यापुरता दाब तयार होतो, म्हणून टेम्पोवाल्या काकांची युक्ती चालली.

बॉनेट उघडलं, तर तेलाची बाटली ‘मिनिमम’च्या खाली. स्लेव्ह सिलिंडरचं रबर ओलं. थेंब थेंब गळती, कधीपासून कोण जाणे. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लच दोघांना एकाच बाटलीतून तेल जातं. ‘हे नुसतं गिअरचं दुखणं नाही, ताई,’ मिस्त्री म्हणाले, ‘अजून दुर्लक्ष केलं असतं तर गोष्ट ब्रेकवर गेली असती.’ माझ्या अंगावर काटा आला. गायमुखचा उतार मी याच गाडीने रोज उतरत होते.

स्लेव्ह सिलिंडर नवीन, तेल नवीन, पाइपातली एअर काढली. दोन तासांचं काम. बिल एकवीसशे रुपये. अडतीस हजार कुठे आणि एकवीसशे कुठे!

कट-आउट करून गाडीत ठेवा

गिअर पडत नसेल तर गॅरेजला जाण्याआधी सपाट जागेवर, हँडब्रेक लावून एवढं बघा:

१. मॅट बघा. हसू नका! पेडल पूर्ण खाली जातंय का, हाताने दाबून बघा.

२. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाका. सहज पडले आणि चालू इंजिनवर अडले, तर संशय क्लचवर. बंद असतानाही अडले, तर गिअरच्या दांड्याच्या केबल्स, त्यांचे बुश किंवा खुद्द गिअरबॉक्स.

३. पेडल मऊ आहे? पंप केल्यावर गिअर पडतो? तर तेलाची गळती किंवा हवा. बाटलीतली पातळी बघा. नुसतं तेल भरून गप्प बसू नका, गेलं कुठे ते शोधा.

४. केबलचा क्लच असेल तर केबल सैल झाली असेल किंवा तिच्या तारा तुटत आल्या असतील. पेडल जड लागणं, दाबताना कुरकुरणं ही तिची आगाऊ सूचना.

५. फक्त सकाळी पहिल्यांदा अडतो आणि गाडी तापली की सुधारतो? गिअर ऑइल जुनं किंवा चुकीच्या ग्रेडचं असू शकतं. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलंच ऑइल घाला.

६. एकच गिअर, समजा फक्त दुसरा, नेहमी करकरतो? तर त्या गिअरचं सिंक्रो झिजलेलं असू शकतं. हे मात्र गिअरबॉक्स खोलण्याचं काम.

७. उलटं लक्षण ओळखा. ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिन ओरडतं, पण गाडी पळत नाही, जळका वास येतो, तर क्लच सुटत नाही असं नाही, तो घसरतोय. दुखणं वेगळं, औषध वेगळं.

८. रिव्हर्स टाकताना क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा. तरी अडला तर आधी पुढचा एखादा गिअर टाका, मग रिव्हर्स.

आणि ट्रॅफिकमधल्या सवयी? थांबलात की न्यूट्रल. क्लचवर पाय टेकवून बसायचं नाही. घाटाच्या चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची नाही, त्यासाठी हँडब्रेक आहे. गिअरच्या दांड्यावर हात ठेवून ऐटीत चालवणाऱ्यांनो, तो हात स्टिअरिंगवर आणा. त्या वजनाने आतले भाग झिजतात.

परत किल्ली

त्या रविवारी मी वसईला गेले. किल्ली टेबलावर ठेवली, जिथून उचलली होती तिथेच. ‘बाबा, तुमच्या पायाला काही झालं नव्हतं. गाडीचं तेल गळत होतं. आणि मॅट माझी होती.’

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. ‘म्हणजे रिव्हर्स...’

‘रिव्हर्स गाडीमुळे पडत नव्हता.’

मला वाटलं, ते रागावतील. किंवा निदान ‘बघ, मी सांगत होतो’ असं म्हणतील. पण गंमत अशी, की त्यांनी कधी काही सांगितलंच नव्हतं. आम्ही सांगत होतो आणि ते ऐकत होते. हेच मला सगळ्यात जास्त लागलं. गाडीचं निदान करायला टेम्पोवाल्याला दहा सेकंद लागले. बाबांचं निदान आम्ही त्याहून कमी वेळात केलं होतं आणि तेही चुकीचं.

आता, याचा अर्थ सगळ्या ज्येष्ठांनी काहीही झालं तरी गाडी चालवत राहावी, असा नाही. चाळिशीनंतर लायसन्स रिन्यू करताना डॉक्टरच्या सहीचा फॉर्म १-ए लागतो, तो उगाच नाही. बाबांनी स्वतःहून डोळे तपासून घेतले, गुडघा दाखवून आले. डॉक्टर म्हणाले, चालवा. त्यावर बाबांनीच एक नियम केला: अंधार पडल्यावर नाही. समोरच्या गाड्यांचे दिवे त्रास देतात, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा बोलून दाखवलं. आम्ही विचारलंच नव्हतं ना कधी!

पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. बाबा ड्रायव्हरच्या सीटवर, मी शेजारी, मॅट माळ्यावर. पार्किंगमधून बाहेर पडताना रिव्हर्स पडला तो टक् करून. शेजारचे काका खिडकीत होते. बाबांनी वर बघितलं नाही, पण आरसा जरा उगाचच नीट केला.

हायवेवर गर्दी नव्हती. पूल लागला. खाली वसईची खाडी, डावीकडे लांबवर डोंगराच्या कडेने जाणारा घोडबंदरचा रस्ता, अजून झोपेतून उठत असलेला. पुलाच्या टोकाला, वरसाव्याच्या नाक्याजवळ समोर एक ट्रेलर थांबला. बाबांनी ब्रेक लावला, चौथ्याचा तिसरा, तिसऱ्याचा दुसरा, मग पहिला. मला कळलंसुद्धा नाही कधी बदलले ते.

‘इथेच अडकली होतीस?’ त्यांनी विचारलं.

‘हो, तिथे. त्या खांबापाशी.’

‘मग मला फोन का नाही केलास?’

मी काहीच बोलले नाही. काय बोलणार? ट्रेलर हलला. बाबांनी क्लच दाबला, गिअर टाकला आणि गाडी पुढे घेतली.